महासाथीतले कर्करोगनिदान

कर्करोगाचे निदान एका दिवसात होत नाही. छातीत गाठ हाताला लागते, तोंडातला चट्टा महिना झाला तरी भरत नाही, पाळी बंद होऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागते. ही झाली सुरुवात. तिथून गावातला डॉक्टर, तालुक्याला सोनोग्राफी, जिल्ह्याच्या ठिकाणी सुई घालून किंवा तुकडा काढून तपासणी, त्या तुकड्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल, रोग कुठवर गेला आहे हे पाहणारा सीटी स्कॅन आणि मग कापायचे आधी की केमो आधी हे ठरवणारी तज्ज्ञांची बैठक. अशा सहा-सात दारांतून गेल्यावर उपचार सुरू होतात. प्रत्येक दाराशी रांग असते, तारीख असते, खर्च असतो आणि बहुतेक वेळा एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास असतो. साथीचा आजार पसरला म्हणून शरीरातली गाठ वाढायची थांबत नाही. बंद होतात ती ही दारे, आणि सगळी एकदम किंवा सारख्या प्रमाणात बंद होत नाहीत. कोणते दार किती लोटले गेले, हे पाहिले की साथीने कर्करोगाचे नेमके काय केले ते कळते. कोविड-१९ च्या काळात भारतात जे घडले, त्याची नोंद या दृष्टीने बरीच तपशीलवार उपलब्ध आहे.

भारतातली कर्करोगसेवा मुळात अंतरावर उभी आहे. किरणोपचाराची यंत्रे, अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आणि मोठ्या शस्त्रक्रिया करणारे विभाग मोजक्या शहरांत एकवटलेले, आणि रुग्ण मात्र देशभर विखुरलेले. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हापासून ते जवळपास साऱ्या देशाचे रुग्णालय होऊन बसले आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की रोगाचे नाव वेगळे घ्यावे लागत नाही. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, बंगाल इथून येणाऱ्या रुग्णांचा वाटाही मोठा असतो. उपचार महिनोनमहिने चालतात आणि मुंबईत खोली भाड्याने घेणे परवडत नाही, म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा या उपचारपद्धतीचाच भाग आहेत. तिथे जागा मिळाली नाही की रुग्णालयाजवळचा पदपथ किंवा उड्डाणपुलाखालची सावली उरते. हातात फाईल, शेजारी स्टोव्ह आणि नाकात अन्ननळी लावलेला माणूस हे परळचे रोजचे दृश्य साथीच्या आधीचे आहे.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवशी कर्करुग्णांचे सरळ दोन गट पडले. जे आधीच मुंबईत पोचले होते ते मुंबईत अडकले. केमोची फेरी संपली तरी घरी जायला गाडी नव्हती, आणि आसपासच्या खाणावळी व चहाच्या टपऱ्या बंद. जे निघणार होते ते गावातच राहिले. दुसऱ्या गटाची अडचण जास्त गंभीर होती, पण ती कोणाच्या डोळ्यांना दिसली नाही. पदपथावरच्या रुग्णाचे छायाचित्र काढता येते. गाडीच न पकडलेल्या रुग्णाचे काढता येत नाही.

महाराष्ट्रात जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागू लागला. उपचारासाठी तो मिळत असे. मात्र त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी मिळायला निदान हवे. ज्याचे निदानच व्हायचे आहे त्याने ‘तोंडात जखम आहे’ या कारणावर पास मागावा, अशी ही गुंतागुंत होती. पास हाती आला तरी खासगी गाडीचे भाडे आ वासून उभे. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा धावू लागली. मुंबईची लोकल जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. कर्करुग्णांना आणि दिव्यांगांना तिच्यात चढण्याची मुभा आणखी काही महिन्यांनी मिळाली.

प्रवासाइतकाच परिणाम भीतीचाही झाला, आणि ती केवळ रुग्णांना नव्हती. चीनमधून फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या अहवालात कोविडच्या १,५९० रुग्णांपैकी १८ जणांना कर्करोग होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. या १८ पैकी ३९ टक्के गंभीर झाले. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होते. अठरा माणसांवरून काढलेली टक्केवारी किती पातळ असते हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. पण त्या घटकेला हाताशी दुसरे काही नव्हते, आणि जगभरच्या डॉक्टरांनी केमो पुढे ढकलण्याचा विचार सुरू केला. केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, त्यात हा नवा विषाणू, असा तो हिशेब. काही महिन्यांनी ब्रिटनमधल्या ८०० कर्करुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात नुकतीच केमो घेतल्यामुळे कोविडने मरण्याचा धोका लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. वाढत्या वयाचा, पुरुष असण्याचा आणि रक्तदाब-हृदयविकारासारख्या जोडआजारांचा परिणाम मात्र ठळक दिसला. तोवर कित्येकांच्या फेऱ्या चुकल्या होत्या.

टाटा मेमोरियलने शस्त्रक्रिया बंद न करण्याचा निर्णय घेतला. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तिथे कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या आणि गुंतागुंतीच्या होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. या निकालाचा अर्थ मर्यादेत घ्यायला हवा. रुग्ण निवडून घेतलेले होते, बहुतेक साठीच्या आतले आणि एरवी धडधाकट, आणि मुंबईतली लाट तेव्हा चढणीला लागलेली होती, शिखरावर पोचायची होती. तरीही साथ आहे म्हणून सरसकट थांबणे भाग नाही, एवढे त्यावरून दिसले.

सगळ्या देशाचे चित्र राष्ट्रीय कर्करोग जाळ्याच्या पाहणीतून पुढे आले. २०१२ साली सुरू झालेल्या या जाळ्यात सरकारी, विश्वस्त आणि खासगी अशी सर्व प्रकारची केंद्रे आहेत. त्यांतल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांचे आकडे २०१९ च्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिले. नव्याने नाव नोंदवणारे रुग्ण १,१२,२७० वरून ५१,७६० वर आले, म्हणजे ५४ टक्क्यांची घट. फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी कमी झाल्या. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या त्या ८,६७७ झाल्या, म्हणजे जवळपास निम्म्या. बाह्यरुग्ण विभागातली केमो ३७ टक्क्यांनी घटली, पॅथॉलॉजीच्या तपासण्या ३८ टक्क्यांनी. सर्वांत कमी घट किरणोपचारात, २३ टक्के. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना लहान शहरांतल्या केंद्रांपेक्षा मोठा फटका बसला. मोठ्या शहरांत संसर्ग जास्त होता हे खरेच, पण ज्या रुग्णालयाचे रुग्ण हजार-दीड हजार किलोमीटरवरून येतात त्याचा दरवाजा उघडा राहून तरी काय उपयोग, हेही आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्यांना एक उतार दिसतो. उपचाराच्या आत असलेल्या माणसाला व्यवस्थेने बऱ्यापैकी धरून ठेवले. उंबरठ्याबाहेरचा माणूस निसटला. किरणोपचाराची घट सर्वांत कमी का, याचे एक कारण जीवशास्त्रात आहे. रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात तो उपचार रोज थोडा थोडा, काही आठवडे सलग द्यावा लागतो. मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्कपेशी त्या मोकळ्या दिवसांत झपाट्याने वाढतात आणि आधी दिलेल्या मात्रेचा काही भाग वाया जातो. डोके, मान आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगात हे विशेष खरे आहे. म्हणून सुरू केलेला शेक कोणतेही केंद्र शक्यतो तोडत नाही. नव्या रुग्णाला ‘थोडे थांबा’ म्हणणे सोपे जाते, कारण त्याची फाईलच उघडलेली नसते.

याच दिवसांत एक उपयोगी गोष्ट योगायोगाने घडली. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे मात्रा देण्याऐवजी एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे दिली तर चालते का, याची ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे चाललेली ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणी एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात आठवड्याचा उपचार तीन आठवड्यांच्या तोडीचा ठरला होता. चाचणी साथीसाठी आखलेली नव्हती, पण साथीमुळे ती लगेच वापरात आली. सोलापूर किंवा यवतमाळहून मुंबईला आलेल्या बाईच्या हिशेबात यातून वाचतात दहा फेऱ्या, दोन आठवड्यांचा मुक्काम आणि सोबत आलेल्या माणसाची तेवढी मजुरी.

केमोच्या वाटेत अडथळा वेगळाच होता. रक्ताच्या कर्करोगात औषधाने अस्थिमज्जा दबते आणि रुग्णाला वारंवार बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, द्याव्या लागतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाहीत. आपल्याकडे रक्तपेढ्या मोठ्या प्रमाणावर महाविद्यालये, कचेऱ्या आणि गणेश मंडळे यांच्या शिबिरांवर चालतात. टाळेबंदीत शिबिरेच बंद पडली. शस्त्रक्रियेला अतिदक्षता विभागातली खाट आणि भूलतज्ज्ञ लागतो. दोन्ही कोविडच्या वॉर्डात गुंतलेले होते. घसा, जबडा आणि अन्ननलिका यांवर काम करणाऱ्यांना तर रुग्णाच्या श्वासातून उडणारे तुषार थेट तोंडावर घ्यावे लागतात, म्हणून तिथे धास्ती जास्त.

उशिराची किंमत कशी वाढत जाते हे तोंडाच्या कर्करोगात सर्वांत स्पष्ट दिसते, आणि भारतीय पुरुषांत हा कर्करोग अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळतो. वर्षानुवर्षे एकाच गालफडात तंबाखूचा बार धरणाऱ्या, किंवा सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा किंवा लालसर चट्टा येतो. तो दुखत नाही. फार तर तिखट लागले की झोंबते. या टप्प्यावर चट्ट्यासह थोडा भाग काढला की पुष्कळदा काम भागते; माणूस बोलतो, जेवतो. पुढे कडा उचललेली, बोटाला कडक लागणारी जखम होते. ती जबड्याच्या हाडाला भिडली की हाडाचा तुकडा काढावा लागतो, मानेतल्या गाठी काढाव्या लागतात, पायाचे किंवा छातीचे मांस आणून गाल नव्याने बांधावा लागतो आणि वर शेक. त्याहून पुढे जखम गालातून बाहेर फुटते, तोंड एक बोटभरही उघडत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या अवस्थेत काही वेळा थोड्याच महिन्यांचे अंतर असते. हा चट्टा बऱ्याचदा प्रथम पाहतो तो दातांचा डॉक्टर, आणि २०२० च्या वसंतात तातडीची कामे सोडली तर दातांचे दवाखाने बंद होते. घशाच्या दुर्बिणीच्या तपासण्याही थांबलेल्या. वर सगळ्यांच्या तोंडावर मुखपट्टी. घरच्या माणसाला एरवी खटकली असती अशी गालाची सूज तिच्याआड झाकली गेली.

फुप्फुसाच्या कर्करोगात गोंधळ लक्षणांचाच झाला. खोकला, दम लागणे, थकवा, वजन उतरणे. यांतले निम्मे कोविडचेही. आपल्याकडे अशा खोकल्याला आधीच क्षयाची औषधे देऊन पाहण्याची सवय, त्यात आणखी एक संशयित वाढला. चाचणी निगेटिव्ह आली की रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकून घरी जाई. उलटही घडले. कोविडसाठी काढलेल्या छातीच्या स्कॅनमध्ये काहींची लहानशी गाठ अनपेक्षितपणे सापडली. पुढे लसीकरण सुरू झाल्यावर टोचलेल्या बाजूच्या काखेत काही दिवस गाठी सुजतात, त्या मॅमोग्राफीत कर्करोग पसरल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून तपासणीआधी लसीची तारीख विचारण्याची पद्धत पडली.

पाश्चात्त्य देशांतला फटका पुष्कळसा वेगळ्या दाराशी बसला. नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका इथे लक्षण नसलेल्या माणसांची ठरावीक वयात चाळणी-तपासणी होते: मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, आतड्यासाठी विष्ठेची चाचणी. मार्च २०२० मध्ये ती थांबली आणि निदानाचे आकडे लगेच कोसळले. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळा-साखळीच्या नोंदीत मार्च-एप्रिलच्या सात आठवड्यांत सहा कर्करोगांची साप्ताहिक निदाने मिळून ४६ टक्क्यांनी, तर स्तनाच्या कर्करोगाची जवळपास ५२ टक्क्यांनी घटली. भारतात थांबण्याजोगे चाळणीचे काम मुळातच थोडे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्केच निघाल्या. स्तनतपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. म्हणजे तिकडे हुकले ते बहुतांशी लक्षणाविना सापडणारे, लहान आकाराचे रोग. इकडे हुकलेल्या माणसाला गाठ आधीच हाताला लागलेली होती. दोन्हीकडे घट निम्म्याच्या आसपास दिसत असली तरी तिचे वजन सारखे नाही.

उशिराचा मृत्यूशी असलेला संबंध मोजण्याचे प्रयत्न साथीच्या वर्षातच झाले. कॅनडातल्या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०२० मध्ये मांडले की सात प्रमुख कर्करोगांत उपचार चार आठवडे लांबला तर मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो. हा निदानानंतरचा उशीर. निदानाआधीचा त्यात धरलेला नाही. इंग्लंडसाठी केलेल्या गणिती अंदाजात निदानातल्या दिरंगाईमुळे पाच वर्षांत स्तन, मोठे आतडे, फुप्फुस आणि अन्ननलिका या चार कर्करोगांचे मिळून ३,२९१ ते ३,६२१ जादा मृत्यू होतील असे निघाले. सर्वाधिक वाढ मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, १५ ते १६ टक्क्यांहून थोडी अधिक. पुरःस्थ ग्रंथीचा मंदगती कर्करोग किंवा थायरॉइडची लहान गाठ यांना काही महिने थांबवले तरी सहसा बिघडत नाही, आणि साथीत डॉक्टरांनी केलेली बरीचशी क्रमवारी याच ज्ञानावर चालली. रक्ताच्या तीव्र कर्करोगाला मात्र दिवसांचा हिशेब लागतो.

उपचार न पोचलेल्यांत ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेलेला होता, त्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले. राष्ट्रीय कर्करोग जाळ्याच्या पाहणीत वेदनाशमन सेवेकडे पाठवलेले रुग्णही २९ टक्क्यांनी कमी भरले. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे नेमकी २५ मार्च २०२० रोजीच जाहीर झाली, आणि फेरतपासणीच्या हजारो भेटी त्यामुळे घरबसल्या झाल्या. पण अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे अशा सल्ल्यातून लिहून देण्यास त्या तत्त्वांत मनाई होती. मॉर्फीन त्याच कायद्याखाली येते. त्याच्या गोळ्या नोंदणी असलेल्या मोजक्या केंद्रांतूनच मिळतात. हाडांत पसरलेल्या रोगाने रात्रभर कण्हणाऱ्या माणसाच्या घरी डॉक्टर फोनवर पोचत होता, गोळी पोचत नव्हती. काही ठिकाणी स्वयंसेवक आणि पोलिसांच्या मदतीने ती घरपोच झाली.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत टाळेबंदी तितकी कडक नव्हती, पण प्राणवायू आणि खाटा संपल्या. लसीची सोय तोवर सुरू झाली होती. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या जोडआजारवाल्यांना लस खुली झाली, त्यांत कर्करोगाचा समावेश होता. त्याहून लहान कर्करुग्णांना, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पुष्कळ तरुणांना, १ मेपर्यंत थांबावे लागले. लिंफोमासारख्या रोगात प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीच औषधाने मारल्या जातात, त्यामुळे अशा रुग्णांत लसीचा परिणामही कमी दिसतो.

मार्च ते मे २०२० या तिमाहीत ४१ केंद्रांच्या दारात न आलेले ६० हजारांहून अधिक रुग्ण पुढे कुठे गेले, हे काढणे अवघड आहे. काही जवळच्या रुग्णालयात गेले असतील, काही वर्षअखेरीला वाढलेल्या रोगासह आले, आणि काही गावातच गेले. शेवटच्यांची नोंद मिळणे दुर्मिळ, कारण भारतात होणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणासह प्रमाणित होणारे सुमारे एक पंचमांशच असतात आणि कर्करोग नोंदणी देशाच्या साधारण दहा टक्के लोकसंख्येपुरती चालते. ग्रामीण भागाची अशी नोंदणी १९८७ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीहून चालते. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत तिचे कार्यकर्ते स्वतः फिरतात, कोणाला गाठ आहे, कोण कशाने गेले हे विचारतात. रुग्णालयात पाऊलही न टाकलेल्या माणसाचा रोग वहीत येण्याची ही जवळपास एकमेव वाट. रुग्णालयांच्या दप्तरांवर चालणाऱ्या शहरी नोंदणीत अशा माणसाला जागाच नसते. म्हणून साथीच्या वर्षात एखाद्या शहराच्या वहीत कर्करोगाचा आकडा घटलेला दिसला, तर तो आधी तपासण्यांच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिसऱ्या-चौथ्या अवस्थेच्या रकान्यात त्याची भरपाई झाली आहे का, हेही.